विदर्भात स्मोक ट्रीचे बोन्साय: ट्रेचा विचार सर्वांत शेवटी

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी विचारले आहे की, जानेवारीत हिमाचलच्या सहलीवरून येताना त्यांनी जांभळ्या पानांच्या स्मोक ट्रीची, म्हणजे दुरून धुरासारखे दिसणारे तुरे येणाऱ्या झुडपाची, दोन रोपे आणली. दोन्ही अडीच फुटांच्या आसपास उंच आणि बुंध्याशी पेन्सिलीएवढी जाड आहेत, अजून नर्सरीच्या काळ्या पिशवीतच आहेत, आणि आता मार्च संपता संपता त्यांना ती उथळ बोन्साय ट्रेमध्ये लावायची आहेत. ट्रे किती इंची घ्यावा, फांद्यांना आकार देणारी तार केव्हा गुंडाळावी, पानांच्या कडा करपू लागल्या आहेत त्यावर काय फवारावे आणि चित्रात दिसतो तसा गुलाबी धूर झाडावर केव्हा येईल, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. थंड डोंगरउतारावरचे हे झाड आपल्याकडचा पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा कसा काढेल, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ट्रेच्या मापाला अर्थ नाही. मी आर्वी तालुक्यात राहते, बावीस वर्षे बोन्साय करते आहे आणि त्यातली बहुतेक झाडे आपल्या मातीतली आहेत: चिंच, उंबर, पिंपरी, बोर. स्मोक ट्री मी दोनच वाढवली. त्यांतले एक माझ्या चुकीने गेले आणि दुसरे आज सातव्या वर्षी उभे आहे. पुढे जे लिहिते आहे ते या दोन झाडांनी शिकवलेले आहे.

सर्वांत आधी झाडाची ओळख पटवून घ्या, कारण आपल्याकडच्या नर्सऱ्यांत याच नावाने एक निराळेच झाड विकलेले मी अनेकदा पाहिले आहे. ते युफोर्बियाच्या कुळातले असते, त्याचे शास्त्रीय नावच मुळी ‘कोटिनिफोलिया’, म्हणजे स्मोक ट्रीसारख्या पानांचे, असे आहे, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. एक पान देठाशी तोडून पाहा. पेरापेरावर तीन-तीन पाने एकाच ठिकाणाहून निघालेली असतील आणि तोडल्याबरोबर पांढरे दूध भळभळा वाहिले, तर तो युफोर्बिया समजा. त्याला आपले ऊन मानवते, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. खऱ्या स्मोक ट्रीची पाने एका आड एक येतात, गोलसर आणि लांब देठाची असतात, आणि पान चुरगाळले की आंब्याच्या पानासारखा वास येतो. हा वास योगायोगाने येत नाही, हे झाड आंब्याच्याच कुळातले आहे. बिबा, चारोळी आणि आपल्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, मोई हेही याच कुळातले. तुमच्या वर्णनात एकेकटे, नाण्यासारखे गोल पान आहे आणि रोप हिमाचलमधून आलेले आहे, म्हणून ते खरे स्मोक ट्री आहे असे धरून मी पुढे जाते.

मोईचे नाव मी मुद्दाम घेतले. थंडी सरता सरता मोई पाने टाकते, सबंध उन्हाळा उघड्या फांद्यांनी काढते आणि पावसाच्या तोंडावर तिला नवी पालवी फुटते. आपल्या हवामानात घडलेल्या झाडाचे हे शहाणपण आहे, झळा लागायच्या दिवसांत तिच्या अंगावर पानच नसते. स्मोक ट्रीचे नेमके उलटे आहे. दक्षिण युरोपपासून हिमालयापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर ते नैसर्गिकरीत्या वाढते, हिमालयात त्याला तुंग म्हणतात. तिथे थंडीत ते झोपते आणि वसंतात जागे होते. आपल्याकडे आणले तरी त्याची ही सवय सुटत नाही. माझ्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे पालवीचे अंकुर, फेब्रुवारीत फुटतात, म्हणजे पाने जेमतेम पक्की होतात तोच एप्रिल येतो, मग ४५ अंशांचा मे आणि शेवटी नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक तापाचे दिवस. शिवाय आपली थंडी त्याला अपुरी पडते. जानेवारीच्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, कधी त्याहूनही खाली जातात, पण हे थोडेच दिवस टिकते. झोप पुरी न झालेले झाड एकसारखे फुटत नाही, एक फांदी हिरवी होते आणि शेजारची तीन आठवडे तशीच राहते. तुमच्या झाडाने पुढच्या वर्षी असे केले तर घाबरून फांदी कापू नका. नखाने साल किंचित खरवडून पाहा, खाली हिरवे असेल तर थांबा.

आता ट्रेविषयी. बोन्साय ट्रे ही झाडाची वाढ रोखण्याची जागा आहे आणि तुमच्या रोपाला आज वाढ हवी आहे. पेन्सिलीएवढा बुंधा ट्रेमध्ये गेला की दहा वर्षांनीही तो जाड पेन्सिलीएवढाच राहतो. खोड जाड होते ते वर पाने भरपूर आणि खाली मुळांना मोकळी जागा असेल तेव्हाच, म्हणून पहिली किमान तीन वर्षे झाडाला मोठ्या कुंडीत मनसोक्त वाढू द्यावे लागते. दुसरे कारण आपल्या भागापुरते आहे. दोन इंच खोल ट्रेमधली माती मे महिन्यात दुपारी हाताला चटका देण्याइतकी तापते, आणि चिंच किंवा पिंपरी हे सोसतात म्हणून स्मोक ट्रीही सोसेल, असे समजणे चुकीचे आहे.

माझे पहिले झाड मी असेच घालवले, तेही उन्हाळ्यात नव्हे तर पावसाळ्यात. आणल्यावर सहाच महिन्यांत मी ते ट्रेमध्ये लावले होते, आणि ओलावा टिकावा म्हणून मिश्रणात वावरातली काळी माती घातली होती. उन्हाळा कसाबसा निघाला. जुलैत आठवडाभर झड लागली आणि ती उघडल्यावर ऊन पडताच सगळी पाने माना टाकून बसली. माती ओली, तरी पाने सुकलेली. मला वाटले झाडाला तहान लागली, म्हणून मी आणखी पाणी घातले. चार दिवसांनी झाड उपसून पाहिले तेव्हा मुळे काळी पडली होती आणि बोटांत धरून ओढले की उकडलेल्या शेंगदाण्याची साल सुटावी तशी मुळाची साल निघून हातात नुसता दोरा राहत होता. काळी माती पाणी धरते आणि फुगते, कुंडीत तिच्यात हवा उरत नाही. कोरड्या, निचऱ्याच्या उतारावरचे झाड त्यात गुदमरते. तेव्हापासून कुठल्याही बोन्सायच्या कुंडीत मी काळ्या मातीचा कणही घालत नाही.

काळी माती टाळण्याचे आणखी एक कारण आहे. व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीने होणारा मर रोग हा स्मोक ट्रीचा जुना शत्रू आहे आणि हीच बुरशी कपाशी, वांगी, टोमॅटो यांवरही जगते. ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि एकदा झाडात शिरली की तिला औषध नाही. तुमच्या वावरात कपाशी असणारच, तेव्हा तिथले ढेकूळ घरातल्या कुंडीत आणू नका.

मग भरायचे काय? आपल्या गावांत जुनी घरे पाडली की कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, ढीग पडलेले असतात. ती चांगली भाजलेली कवेलू फोडून घ्यावीत, आधी मोठ्या छिद्रांच्या आणि मग बारीक चाळणीने चाळावीत आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा चुरा ठेवून खालची भुकटी टाकून द्यावी. भुकटी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण तीच पुढे तळाशी बसून चिखल करते. हा चुरा दोन वाटे, धुतलेली जाड रेती किंवा चाळलेला मुरूम एक वाटा आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत एक वाटा, असे माझे मिश्रण आहे. कवेलूचा तुकडा स्वतःच्या पोटात पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमधली फट हवेला मोकळी राहते. भरलेल्या कुंडीत एक लोटा पाणी ओता, ते वर साचून न राहता लगेच खालून वाहू लागले पाहिजे. चुनखडीची स्मोक ट्रीला फारशी अडचण नसते, त्यामुळे आपल्या जड पाण्याने लगेच बिघडत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की मात्र महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून क्षार खालून वाहू द्यावेत.

आज मार्चअखेर तुमच्या रोपांची मुळे मोकळी करण्याची वेळ नाही, कारण पाने फुटलेली आहेत. पण पिशवी पातळ असते आणि उन्हात तापते, म्हणून संध्याकाळच्या वेळी पिशवी कापून, मुळांभोवतीचा गोळा जराही न फोडता तो १२ ते १४ इंची मातीच्या कुंडीत ठेवा आणि भोवतीची जागा वरच्या मिश्रणाने भरा. काठीने हलके दाबत भरा, पोकळी राहू देऊ नका. ही एवढीच गोष्ट या महिन्यात करायची आहे. छाटणी नको, तार नको, खतही नको.

उन्हाळ्यासाठी मी करते ते असे. झाडाची कुंडी एका मोठ्या, तळाला छिद्र असलेल्या कुंडीत ठेवते आणि दोहोंमधली तीन बोटांची फट रेतीने भरते. सकाळ-संध्याकाळ ही रेती ओली केली की मातीची कुंडी रांजणासारखी झिरपते आणि मुळांची जागा थंड राहते. कुंडीच्या तोंडावर सोयाबीनच्या कुटाराचा दोन बोटे थर देते, पण तो खोडाला चिकटू देत नाही. जागा अशी निवडते की सकाळचे ऊन नऊ-साडेनऊपर्यंत मिळेल आणि नंतर कडुनिंबाची सावली येईल. कडुनिंब नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट चालते. पश्चिमेकडून येणारी झळ अडवणे सावलीइतकेच महत्त्वाचे आहे, त्यासाठी तुराट्यांचा एक तट्टा उभा केला की काम भागते. जांभळ्या रंगाला ऊन लागते हे खरे, आणि मे महिन्यात सावलीत पाने हिरवट-तपकिरी होतात, पण तेवढे चालवून घ्यावे. ऑक्टोबरनंतर झाड पूर्ण उन्हात ठेवले की पुढच्या पालवीत रंग परत येतो.

पानांच्या कडा करपण्यावर फवारायचे काहीच नाही. सगळी पाने तपासा. करपलेली कडा कोरडी, कुरकुरीत असेल आणि पश्चिमेच्या बाजूची पाने जास्त करपली असतील तर तो वाऱ्याचा आणि उन्हाचा परिणाम आहे, जागा बदलली की नवी पाने स्वच्छ येतात. माती ओली असताना एखादी अख्खी फांदी अचानक मान टाकते तेव्हा मात्र काळजी करावी. अशी फांदी कापून तिचा काप पाहा. या झाडाचे आतले लाकूड मुळातच पिवळे असते, जुन्या काळी युरोपात त्यापासून पिवळा रंग काढत, तेव्हा पिवळेपणाला भिऊ नका. सालीखालच्या लाकडात तपकिरी रेघा किंवा ठिपके दिसले तर मर रोगाची शंका घ्यावी, ती कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसावी आणि कुंडी वेगळी ठेवावी.

पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर ठेवा, मिरगाचा पाऊस सुरू झाला की कुटार काढून घ्या, आणि झड लागली की झाड ओसरीत घ्या. माझे दुसरे झाड जगले त्याचे श्रेय मी कुठल्याही खताला देत नाही, या ओसरीला देते.

आता मुळांच्या कामाचे वेळापत्रक. आपल्याकडे झाड हलवायचे म्हटले की मृग नक्षत्र, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे, आणि वडा-चिंचेला ते योग्यही आहे. या झाडाला ते चालत नाही. पाने गळलेली आहेत आणि डोळे नुकते फुगू लागले आहेत, हीच त्याची वेळ. माझ्याकडे हे मकर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होते, डोळे तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढे, लालसर दिसतात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लांबवले तर नवी मुळे धरण्याआधीच ऊन तापते. पुढच्या जानेवारीत झाड उपसा, खाली सरळ जाणारे जाड मूळ एक तृतीयांश कमी करा, गुंडाळलेली मुळे बोटांनी सोडवून चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंना पसरवा आणि पुन्हा त्याच मोठ्या कुंडीत लावा. त्या वर्षी वरची छाटणी करू नका. वरची मोठी छाटणी त्याच्या पुढच्या जानेवारीत करायची. मुळांवर आणि शेंड्यावर एकाच हंगामात घाव घातला तर आपल्या उन्हाळ्यासाठी झाडाजवळ शिल्लक काही राहत नाही.

आकार देण्याच्या बाबतीत या झाडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्याची हिरवी, चालू हंगामातली फांदी लवचीक असते, पण वर्षभर जुनी झाली की ती वाळल्या पऱ्हाटीसारखी कट्‌कन मोडते. म्हणून तार लावायची तर ती कोवळ्या फांदीलाच, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची, आणि वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला बघून. तीन-चार आठवड्यांत ती सालीत रुतू लागते. मला स्वतःला यासाठी तारेपेक्षा छाटणीचा मार्ग अधिक पटतो: फांदी हवी त्या दिशेच्या डोळ्याच्या वर छाटायची, तो डोळा फुटून फांदी त्या दिशेला वळते, आणि असे तीन-चार वेळा झाले की नैसर्गिक वळण तयार होते. छाटताना डोळ्याच्या वर अर्धा इंच खुंट ठेवा. काप वाळत वाळत खाली येतो, आणि डोळ्याला चिकटून कापले तर तो डोळाही मरतो. खुंट पुढच्या वर्षी काढावा. हातमोजे घाला, कारण बिबा जसा उततो तितका याचा चीक उतत नसला तरी नाजूक कातडीला त्याने खाज आणि पुरळ येते.

एकाच सरळ खोडाचा हट्टही धरू नका असे मी सुचवेन. हे मुळात झुडूप आहे, बुडातून धुमारे काढण्याची त्याला सवय आहे. तिसऱ्या जानेवारीत एक रोप जमिनीपासून चार बोटांवर छाटले तर पाच-सहा धुमारे येतात, त्यांतले कमी-जास्त जाडीचे तीन ठेवले की झुबक्याचा सुंदर आकार मिळतो आणि पेन्सिलीएवढ्या खोडांची उणीव जाणवत नाही. दुसरे रोप न छाटता खोड जाड करण्यासाठी सोडा. दोन रोपे आहेत तर दोघांवर एकच प्रयोग करू नये.

धुराविषयी स्पष्टच सांगते. तो धूर म्हणजे फुले नव्हेत. फुले बारीक आणि पिवळसर असतात, ती झडल्यावर ज्या देठांना फळ धरत नाही त्यांच्यावर लांब केस वाढतात आणि दुरून त्यांचा धूर दिसतो. तुरा जुन्या लाकडावर येतो, म्हणजे आकारासाठी दरवर्षी छाटत राहिलात तर तुरा येणार नाही, आणि तुऱ्यासाठी फांद्या सोडल्यात तर आकार सुटेल. शिवाय तुरा वीतभर होतो, लहान बोन्सायवर तो शोभत नाही. माझ्या झाडाला सात वर्षांत एकदाच, न छाटलेल्या एका फांदीवर तुरा आला, आणि एप्रिलच्या वाऱ्याने आठवड्यात झाडून नेला. पानेही फारशी लहान होत नाहीत, सगळी पाने खुडून लहान करण्याचा प्रयोग कोवळ्या झाडावर तर मुळीच करू नये. नत्राचे खत टाळले, झाड मोठे झाल्यावर शेंडे वेळेवर खुडले, तर पान दीड-दोन इंचांपर्यंत येते. म्हणून दीड ते दोन फुटांचे मोठे बोन्साय मनात धरा. खत म्हणून निंबोळीची ढेप मूठभर, पालवी पक्की झाल्यावर एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, एवढे पुरते.

यातले बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी दुपारी सावली कुठे येते, पाणी विहिरीचे की बोअरचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मे महिन्यात लग्नकार्याला चार दिवस बाहेरगावी गेलात तर कुंडीला पाणी कोण घालेल, हे मला माहीत नाही. मे महिन्यात एक दिवस चुकला तरी हे झाड माफ करत नाही. घरात असे माणूस नसेल तर एक रोप बांधाजवळ, मुरमाचा फूटभर उंच ओटा करून त्यावर लावा, कुंडीपेक्षा जमिनीत ते उन्हाळा सोपा काढील आणि खोडही लवकर भरेल.

आणि तुम्हाला मुख्यतः लाल पालवीचे बोन्साय हवे असेल तर स्मोक ट्रीबरोबर कुसुमाचे एक रोपही लावा. फाल्गुन-चैत्रात आपल्या जंगलांत जे झाड अंगभर लाल पेटलेले दिसते ते हेच, आणि त्याला आपला उन्हाळा शिकवावा लागत नाही. जंगलातून उपटून आणू नका, बी लावा किंवा रोपवाटिकेतून घ्या.

तूर्त संध्याकाळी पिशवी कापून कुंडी भरा, आणि पानांचा एक फोटो आज काढून ठेवा. १५ मे रोजी दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की जागा बरोबर निवडली की नाही ते कळेल, आणि करपणे वाढलेले दिसले तर नवतप्याच्या आत कुंडी हलवायला आठ-दहा दिवस हातात राहतील.